बाहुली पांढरी दिसायली

पडेगावात करुणाचं घर शोधायला पत्त्याची गरज नाही. दौलताबादच्या रस्त्याला उतरायचं आणि पहिलं जे पोरगं भेटेल त्याला विचारायचं. "ती भुतांची बाई व्हय? चला, दावतो," म्हणून ते थेट दारात आणून सोडतं, आणि जाताजाता खिडकीतून आत डोकावून घेतं. करुणाला याचा लई राग यायचा. "भुतं नाहीत रे मेल्यांनो, यक्ष आहेत, व्याल आहेत!" असं ती आतून ओरडायची आणि पोरं खिदळत पळायची. यक्ष काय अन् व्याल काय, शिंगं दिसली की पोरांच्या लेखी ते भूतच.

धंदाच तसा होता तिचा. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, भंगाराच्या ढिगात, टाकून दिलेल्या बाहुल्या मिळतात. कुणाला हात नाही, कुणाचे केस उपटलेले, कुणाला लेकरानं पेनानं मिशा काढलेल्या. प्लास्टिकचे पैलवान, रबरी डायनासोर, चावी हरवलेली माकडं. करुणा ते सगळं पिशवीत कोंबून आणायची. नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं बाहुलीचा छापील चेहरा पुसून काढायची, म्हणजे कोरा गोळा उरायचा. मग एमसील मळून त्यावर गालफडं उभी करायची, शिंगं ओढायची, सुळे बसवायची. पंख जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे, आयाळ बोकडाच्या केसांची, कपडे हिमरूच्या चिंध्यांचे. वेरूळच्या खांबांवरची सिंहतोंडी जनावरं, इथल्या डोंगरातल्या लेण्यांमधले ढेरपोटे यक्ष, असे सगळे तिच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर मांडी ठोकून बसलेले असायचे. फोटो फोनवर टाकले की पुण्याबेंगळुरूची माणसं मागवून घ्यायची. घरात शोभेला म्हणून ही असली तोंडं कोण ठेवतं, हे पडेगावाला आजवर उलगडलेलं नाही.

डोळे ती सगळ्यात शेवटी करायची. डोळे बसेपर्यंत ते नुसतं प्लास्टिक, डोळे बसले की मग ते आपल्याकडं बघतं, असं तिचं म्हणणं. आणि डोळ्यांच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र खरं.

घरात भूत हा शब्द चालायचा नाही. तिचे वडील कचरू आप्पा पाटबंधारे खात्यात चौकीदार होते, आता रिटायर. आप्पांच्या आधी त्यांच्या आईची लेकरं एकामागून एक गेली होती. म्हणून ह्याच्यावर कुणाची नजर जाऊ नये, हा तरी जगावा, म्हणून तिनं पोटच्या पोराचं नाव कचरू ठेवलं. आप्पा हे विहारात हसत हसत सांगायचे. "मह्या नावातच अंधश्रद्धा हाय. ती मह्यासंगं जाईल, तुमच्या घरात ठिवून घेऊ नका." त्यांच्या दारावर लिंबूमिरची नाही, लेकराच्या गालाला काजळाचा ठिपका नाही. नजर लागली, असं कुणी चुकून बोललं की आप्पा ताट बाजूला सारून बोलायला लागायचे, आणि तोवर सगळ्यांची भाजी गार. करुणा हे ऐकत मोठी झाली. भिणं ही त्या घरात लाजेची गोष्ट होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळं इथंच अडलं.

करुणाचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर ती बोलत नाही, आपणही बोलू नये. घरात थोरला भाऊ अतुल, शेंद्र्याला कारखान्यात लाईनवर. त्याची बायको रत्नमाला शाळेचे गणवेश शिवायला जायची. आणि त्यांची एकुलती एक यशोधरा, यशू, नुकती तीन वर्षं पुरी झालेली. आईबाप कामाला गेले की यशू दिवसभर आत्याच्या खोलीत. ज्यांना बघून शेजारची पोरं पळायची, त्यांना ही बया कपातून चहा पाजायची. एकदा तर शिंगवाल्या यक्षाला तिनं आपलं झबलं घातलं होतं आणि करुणा हसून हसून बेजार झाली होती.

श्रावणात पुण्याच्या एका बाईची ऑर्डर आली. तिला हारीती पाहिजे होती. आपल्या डोंगरातल्या लेण्यात हारीती आहे, नवऱ्याशेजारी ऐसपैस बसलेली, जवळ लेकरू. ही आधी लोकांची लेकरं उचलून खायची. मग बुद्धांनी तिचंच धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली झाकून ठेवलं. तिनं सगळा मुलूख पालथा घातला, ऊर बडवत आली, आणि तेव्हा कुठं तिला कळलं की दुसरीच्या आतड्याला कसा पीळ पडत असेल. तेव्हापासून ती लेकरं राखते. पण पुण्याच्या बाईला राखणारी नको होती. तिला आधीची, खाणारी पाहिजे होती, आणि अंधारात उजेड पडला की तिचे डोळे चमकले पाहिजेत, अशी फर्माईश.

"वन्सं, ही नका करू," रत्नमाला दारातूनच म्हणाली. "लेकरं खाणारी बाई, अन् घरात लेकरू. कामून करायची?"

"वहिनी, हळू बोला. आप्पांनी ऐकलं तर आज भाजी गारच खावी लागंल," करुणा हसत म्हणाली, आणि कामाला बसली.

डोळ्यांसाठी तिनं नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमचा तुकडा आणला. गाड्यांच्या मागं लावतात तेच, पांढरं. त्याच्या बारीक टिकल्या कापून तिनं हारीतीच्या दोन्ही डोळ्यांत, बरोबर बाहुलीच्या जागी चिकटवल्या. बिनउजेडाच्या त्या राखी दिसायच्या, मेल्यासारख्या. यशूला ती फार आवडली. "ही माझी हाती," म्हणाली. हारीती तिच्या तोंडात बसेना.

त्या दिवशी दिवेलागणीलाच लाईट गेली. करुणानं मोबाइलची बॅटरी लावली. म्हटलं, आता चमक तरी बघून घ्यावी. समोर यशू हारीतीला गालाशी धरून भुईवर बसलेली. करुणानं उजेड तिच्याकडं वळवला.

तीन डोळे चमकले.

दोन हारीतीचे. तिसरा यशूचा, डावा. तोच पांढरा, तसाच थंड उजेड.

करुणाच्या हातातून मोबाइल सुटला, उजेड भुईखाली झाकला गेला. अंधारात यशू हसली, तिला वाटलं आत्या खेळायली. करुणानं चाचपडत पोरीला ओढून घेतलं, ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, पापणी उलटून पाहिली. रेडियमची टिकली उडून डोळ्यात गेली असावी, दुसरं काय. "दुखतं का गं?" "नाय." "टोचतं का?" "नाय ना आत्या." तेवढ्यात लाईट आली. यशूचे डोळे काळेभोर, जसे होते तसेच. करुणा स्वतःवरच हसली. पण ते हसू तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ब्लेडनं हारीतीच्या डोळ्यांतलं रेडियम खरवडून काढलं. मग दार लोटून घेतलं, यशूला समोर बसवलं आणि पुन्हा बॅटरी मारली. समोरून काही नाही. मान जराशी वळली, आणि परत तो पांढरा ठिपका. हारीतीचे डोळे आता रिकामे होते आणि यशूचा चमकत होता. जणू तिच्यातलं काढलेलं हिच्यात जाऊन बसलं.

आता तुम्ही म्हणाल, शहाणीसुरती बाई, डॉक्टरकडं जायचं ना सरळ! अहो, तुमच्याआमच्या घरातली असती तर पहिल्याच रात्री बोंबलली असती, नजर लागली, बाधा झाली म्हणून. आणि मीठमोहऱ्या ओवाळून भागलं नाही तर सकाळी झक मारत दवाखान्यात गेली असती. करुणाचं तसं नव्हतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो हारीतीचा. मी खाणारीचे डोळे उघडले आणि तिनं पहिलं लेकरू घरातलंच धरलं. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची किळस आली. शी! कचरूची लेक तू! विहारात पुढं बसून प्रतिज्ञा म्हणणारी! जे दिसलं ते मनाचे खेळ, असं तिनं ठरवून टाकलं. डोळ्यानं दिसलेलं खरंखुरं दुखणं तिनं अंधश्रद्धा म्हणून झाकून ठेवलं. अशी चूक फक्त त्याच घरात होऊ शकत होती.

हारीतीला तिनं पत्र्याच्या पेटीत घातलं आणि वर जुनी इस्त्री ठेवली. यशू रोज विचारायची, "हाती कुठंय?" करुणा म्हणायची, गावाला गेली. पण तिचे हात चालेनात. ब्रश उचलायची आणि तसाच ठेवून द्यायची. आणि आता तिला एकेक दिसायला लागलं. यशू डाव्या अंगानं दाराच्या चौकटीला धडकते. मोबाइल बघताना मान तिरकी करते. डाव्या बाजूनं चेंडू आला तर तिला कळतच नाही. हे आधीपासून होतं की आत्ताच सुरू झालं? पोरगी धडपडली की पेटीकडं बघायची करुणाची छाती होत नव्हती.

एका दुपारी तिला राहवलं नाही. तिनं अतुलला कारखान्यात फोन लावला. मागं मशीनचा धडधडाट. कसंबसं एवढंच निघालं, "दादा, बाहुली पांढरी दिसायली."

"मग रंगव की!" अतुल ओरडून म्हणाला, मशीनच्या वर आवाज जावा म्हणून. "त्याच्यासाठी मला फोन कामून करायलीस? लाईन चालू हाय इथं."

बाहुली म्हणजे बाहुली. करुणाच्या घरातून आलेल्या फोनवर त्याला दुसरं काय वाटणार? एक शब्द पुढं बोलायचा होता, यशूच्या डोळ्यातली, एवढाच. पण तो बोलला की पुढचं वाक्य हारीतीचं आलं असतं, ते आपल्या तोंडून बाहेर पडेल याचीच तिला धास्ती. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दिवस गेले. किती गेले, ते ती मोजत नाही. कुणी मोजायला लागलं तर उठून जाते.

मग बालवाडीच्या कार्डाला फोटो पाहिजे झाला. "तुमच्या मोबाइलात बघा ना वन्सं एखादा चांगला," असं सांगून रत्नमाला कामाला गेली. करुणा फोटो मागं मागं सरकवत गेली. श्रावण, पावसाळा, उन्हाळा, आणि जयंतीच्या मिरवणुकीची संध्याकाळ. निळा फ्रॉक घातलेली यशू, हातात छोटा झेंडा, तोंड भरून हसलेली. रत्नमालानंच फ्लॅश मारून काढला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी त्यावर लाल बदाम पाठवले होते, करुणानंसुद्धा. करुणानं तो बोटांनी मोठा केला.

उजवी बाहुली लाल होती, फ्लॅशमध्ये सगळ्यांची होते तशी. डावी पांढरी.

जयंती म्हणजे एप्रिल. तेव्हा हारीती कुठं होती? जाफर गेटच्या ढिगात, कुण्या लेकराची टाकून दिलेली गोरी बाहुली. तिला ना सुळे होते, ना रेडियम. क्षणभर करुणाला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यांदा म्हणाली, "माझ्या हातानं नाय झालं!" आणि तिचा आवाज खोलीत विरायच्या आत पुढचा प्रश्न आला. हारीतीनं केलं नाही, तर मग हे काय आहे? हे दुखणं आहे. एप्रिलपासून पोरीच्या डोळ्यात काहीतरी वाढतंय, आणि मी एका प्लास्टिकच्या बाहुलीला भिऊन पेटीवर इस्त्री ठेवत बसले.

ती अंगणात गेली. आप्पा पेपर वाचत बसले होते. तिनं सगळं सांगितलं, रेडियम, तीन डोळे, पेटी, सगळं, आणि फोटो पुढं केला. हारीतीचं नाव घेताना तिनं मान खाली घातली. आता ताट सरकवतील, असंच तिला वाटलं.

"डोळ्यानं दिसलं ते बोलायचं नाय, असं मी कधी शिकवलं गं तुला?" आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी यशूला मांडीवर घेतलं, आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि स्वतः बॅटरी मारली. मग बाहेर आले. ज्या माणसाला करुणानं जन्मात घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्याला चपलेत पाय घालता येईना. "अतुलला फोन लाव. म्हणावं पोरीला डॉक्टरकडं नेतोय, तिथंच ये. रत्नमालालाबी बोलाव," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी यशूच्या डोळ्यांत थेंब टाकले. "बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, बसा," म्हणाल्या. डोळे मिटून यशू आईच्या मांडीवर बसून राहिली आणि मोठी चौघं एकमेकांकडं बघायचं टाळत राहिली. मग आत बोलावलं. बाईंनी कपाळावरचा दिवा लावून बराच वेळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांचं बोलणं एकदम मऊ झालं, आणि तेच करुणाला सगळ्यात भीतीचं वाटलं.

"डावी बाहुली पांढरी दिसते, हे घरात आधी कुणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," करुणा म्हणाली.

अतुल भिंतीला टेकून उभा होता. त्याचं डोकं हळूहळू वर आलं. बाहुली पांढरी दिसायली. तिला त्याच्या चेहऱ्यावर ते शब्द उमटताना दिसले.

डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती, बहुतेक कॅन्सरची. बाईंनी हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. थांबू नका, म्हणाल्या, मिळेल त्या गाडीनं निघा. "कॅन्सर?" रत्नमालानं विचारलं, "एवढ्याशा लेकराच्या डोळ्याला?" बाई म्हणाल्या, "होतो. क्वचित होतो, पण होतो." मग रत्नमाला बाहेर आली आणि व्हरांड्यातच करुणावर फुटली.

"म्हणलं होतं मी! नका करू म्हणलं होतं! ती लेकरं खाणारी रांड घरात आणली तुम्ही. माझ्या लेकराचा डोळा खाल्ला तिनं. तुम्हाला काय, तुम्हाला पोटचं असतं म्हंजे कळलं असतं!"

सगळा व्हरांडा बघायला लागला. करुणाच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये तो फोटो. पुढं करायची खोटी, ती मोकळी झाली असती. बघा वहिनी, एप्रिलातला आहे, तेव्हा कुठं होती हारीती? पण तो फोटो काढला होता रत्नमालानं. बदामाच्या आधी तिनंच तो दहादा पाहिला असणार. आईच्या हातानं काढलेल्या फोटोत दुखणं स्पष्ट दिसत होतं आणि ते तिला दिसलं नाही, हे त्या घटकेला तिला सांगायचं? करुणानं मोबाइल पालथा धरला.

तिनं आप्पांकडं पाहिलं. नजर लागली एवढ्या शब्दावर ताट सोडणारा माणूस. त्यांनी तो फोटो पाहिलेला होता. त्यांचे ओठ हलले. करुणाला वाटलं, आता बोलणार, सुनेला सगळ्यांसमोर समजावणार. आप्पा पुढं झाले आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "रड बाई," म्हणाले. "रड."

हैदराबादच्या गाडीत यशू झोपल्यावर ते करुणाला हळूच म्हणाले, "मह्या आईनं मला कचरू म्हणलं, त्याला मी जनमभर हसत आलो. तिला किती भेव वाटलं असंल गं."

ऑपरेशनच्या दिवशी अतुल आणि करुणा एकाच बाकावर बसले होते. मधे यशूच्या चपला. तो म्हणाला, "मी रंगव म्हणलो."

"मी बरं म्हणले," करुणा म्हणाली. त्यावर दोघंही रडले, पण एकमेकांकडं बघून नाही.

डॉक्टर बाहेर आले. गाठ डोळ्याच्या बाहेर गेलेली नव्हती. जीव वाचला होता, डोळा ठेवता आला नव्हता. करुणानं त्यांना एकटीनं गाठून एप्रिलच्या फोटोचं सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. एक प्रश्न तिच्या जिभेवर होता. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर डोळा राहिला असता का? डॉक्टर थांबले, तिच्याकडं बघत राहिले. तिनं मान हलवली आणि परत फिरली. तो प्रश्न तिनं अजून कुणाला विचारलेला नाही. अतुलही एकदा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन तसाच परत आला होता, तिनं पाहिलं होतं.

पुढं नवा डोळा बसवायला गेले तेव्हा तिथला कारागीर यशूला समोर बसवून, तिच्या उजव्या डोळ्याकडं बघत बघत, ब्रशनं बाहुली रंगवत होता. बारीक लाल शिरांसाठी तो रेशमाचा धागा लावतो. करुणाचं अर्धं आयुष्य ह्याच कामात गेलेलं. पण तिला आत बसवेना. ती बाहेर भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि रंगाचा वास आला की नाकाला पदर लावत होती.

हारीतीला रत्नमालानं नाल्यात टाकलं. घरी आल्या आल्या पेटी उघडली आणि फेकून आली. कुणी अडवलं नाही. तिनंच पोरीचा डोळा गिळला, असं रत्नमाला आजही मानते, आणि आप्पा आजही ताट सरकवत नाहीत. जयंतीचा तो फोटो अतुलनं, आप्पांनी, करुणानं आपापल्या मोबाइलातून काढून टाकला. रत्नमालाच्या मोबाइलातूनही तो गेला. कुणी काढला, तिनं स्वतः की आणखी कुणी, हे विचारायची त्या घरात कुणाची छाती नाही. यशूला आत्याच्या खोलीत जायची बंदी आहे. करुणा पोटासाठी यक्ष करते, शिंगं लावते, डोळेही करते. रेडियम मात्र तिनं परत आणलं नाही.

पण रोज संध्याकाळी एकदा तिला आतल्या घरातून हाक येते. हैदराबादच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की तपासणी चुकवायची नाही, आणि मधल्या काळात फोटोत उजवी बाहुली पांढरी दिसली तर तारखेची वाट न बघता निघायचं. अशी दुखणी कधी कधी दुसऱ्या डोळ्यातही निघतात. म्हणून दिवेलागणीला रत्नमाला खोलीतले दिवे बंद करते. अतुल दारात उभा राहतो. आप्पा बाहेर बाजेवर, पेपर उलटा धरून. फोटो करुणानंच काढायचा, असं रत्नमालानंच ठरवलंय. तिचा स्वतःचा हात धजत नाही.

यशू आत पलंगाच्या कडेला बसते आणि बोटांनी पापण्या ताणून धरते. तिला हा रोजचा खेळ झालाय. फ्लॅश पडतो. मग फोटो पडद्यावर यायला जो काय वेळ लागतो, तेवढ्यात त्या घरात कुणी श्वास घेत नाही.

"आत्या, लाल हाय का?"

करुणा बोटांनी फोटो मोठा करते. पुन्हा बघते. "लाल हाय," ती म्हणते, आणि रत्नमाला दिवा लावते, अतुल वळून जातो, बाहेर पेपर खुळखुळतो.

परवा मात्र दिवा लागायच्या आत यशूनं मोबाइल ओढून घेतला. "थांब, आता तुझा," म्हणाली. दोन्ही हातांत धरून तिनं आत्याच्या तोंडावर फ्लॅश मारला, आणि डॉक्टरसारखी मान तिरकी करून फोटो निरखत बसली. करुणाचे डोळे पाण्यानं भरलेले, सगळं अंधूक.

"तुझी पण लाल हाय," यशू म्हणाली. "आता नको भिऊ."